'पालक' कोणास म्हणावे?

या आठवड्याच्या पाठासाठी आम्ही एकच शब्द घेतला आहे, आणि तो सर्वांच्या ओळखीचा आहे. तो शब्द 'पालक' हा होय. शाळेच्या प्रवेशपत्रावर तो छापलेला असतो. सात-बाराच्या उताऱ्यावर त्याचाच एक सोयरा संक्षेपाने लिहिलेला असतो. आणि 'ल'चा 'ळ' होऊन तोच शब्द आपल्या मंडळीच्या सेवकाचे नाव झाला आहे. इतका ओळखीचा शब्द पुन्हा शिकण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. ते कारण समजण्यासाठी आपण बजाजनगरास जाऊ.

छत्रपती संभाजीनगर शहरातून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघाले म्हणजे वाळूजच्या औद्योगिक क्षेत्रात ही वसाहत लागते. १९८५ साली बजाज ऑटो कंपनीचा कारखाना वाळूज येथे सुरू झाला. त्याच्या मागोमाग लहानमोठे पुष्कळ कारखाने आले, आणि वडगाव कोल्हाटी ग्रामपंचायतीच्या हद्दीत कामगारांची दाट वस्ती उभी राहिली. मराठवाड्याच्या व इतर भागांच्या खेड्यांतून माणसे तेथे कामास गेली व आजही जात आहेत. आमच्या वाचकांपैकी अनेकांचा मुलगा, सून, जावई किंवा भाऊबंद तेथे असेल.

कारखान्याचे काम पाळ्यांनी चालते. बाप रात्रपाळी करून सकाळी येऊन निजतो, तेव्हा आई आपल्या कामावर निघालेली असते. मग लेकरू कोठे असते? कधी ते खोलीवर थोरल्या बहिणीच्या हवाली असते, कधी शेजारणीच्या, आणि कधी दूर गावी आजीजवळ असते. अशा लेकराच्या प्रवेशपत्रावर 'पालकाचे नाव' या शब्दांपुढे काय लिहावे? हा प्रश्न केवळ शाळेच्या कारकुनाचा नव्हे. बाप म्हणतो, "आजी आहे ना त्याला बघायला." आजी म्हणते, "त्याचे आईबाप आहेत की." दोघांचेही म्हणणे प्रेमाचे असते, परंतु दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी त्या लेकराची गत होण्याचा संभव असतो. म्हणून 'पालक' म्हणजे कोण, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

१. शब्दाचे कूळ

संस्कृत भाषेत 'पा' म्हणजे राखणे आणि 'पाल्' म्हणजे सांभाळणे असे धातू आहेत. 'पाल्' यास 'अक' हा प्रत्यय लागून 'पालक' हा शब्द सिद्ध होतो. हाच प्रत्यय लेखक, गायक, वाचक या शब्दांत आहे. जो लिहितो तो लेखक, जो गातो तो गायक. तद्वत् जो पालन करतो तो पालक. यावरून दिसून येईल की, हा शब्द मुळात नात्याचा नाही. तो कामाचा आहे. बाप, आई, आजी, काका ही नात्यांची नावे जन्माने अगर लग्नाने मिळतात आणि काही न करताही टिकतात. 'पालक' हे नाव मात्र काम चालू आहे तोवरच खरे असते.

मराठीने या शब्दाची दोन्ही रूपे जवळ ठेवली. 'ल' कायम राहिला तेथे राज्यपाल, द्वारपाल, नगरपालिका असे शब्द झाले. 'ळ' झाला तेथे गोपाळ, मेंढपाळ असे झाले. शाळेने मुलाच्या आईबापांस 'पालक' म्हटले, आणि ख्रिस्ती मंडळीने आपल्या आध्यात्मिक सेवकास 'पाळक' म्हटले. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे, हे पाळकसाहेबांनी व आईबापांनी सारखेच ध्यानात ठेवावे.

आता 'पाळणे' या क्रियापदाकडे पाहू. आपण गाय पाळतो, शेळी पाळतो. पण तेवढ्यावर आपली भाषा थांबत नाही. आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो, आज्ञा पाळतो. गाय आणि दिलेला शब्द यांत सारखेपणा तो कोणता? दोन्ही आपल्या हवाली केलेल्या वस्तू आहेत. दुर्लक्ष झाले की दोन्ही बिघडतात. आणि दोहोंकडे एकदाच लक्ष देऊन भागत नाही. वैद्याने सांगितलेले पथ्य सोमवारी पाळले आणि मंगळवारी मोडले, तर ते पाळले असे कोणी म्हणत नाही. लेकराचेही तसेच आहे. आपल्या पूर्वजांनी वचनासाठी व लेकरासाठी एकच क्रियापद वापरले, यात मोठा बोध आहे.

'पोसणे' हा शब्द याच्या शेजारचा आहे. तो 'पुष्' या धातूपासून आला असून त्यावरून पोषण, पोषक व आपला गावरान 'पोशिंदा' हे शब्द झाले. शेतकऱ्यास आपण जगाचा पोशिंदा म्हणतो. 'लाख मरोत, पण लाखांचा पोशिंदा न मरो' ही म्हण तर महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. पोशिंद्याचा मान मोठा आहे यात संशय नाही. तथापि पोसणे आणि पाळणे यांत भेद आहे. बजाजनगरातील खाणावळीची बाई पुष्कळ कामगारांस दोन वेळा पोसते. पण त्यांतील अमक्याचा ताप काल उतरला की नाही, हे तिला ठाऊक असेलच असे नाही, आणि तिने ते ठेवावे अशी अपेक्षाही नाही. पोसण्यास अन्न व पैसा लागतो. पाळण्यास त्याशिवाय लक्ष लागते, वेळ लागतो, आणि आपण उद्याही येथेच आहो असा भरवसा द्यावा लागतो.

२. शास्त्रातील साक्ष

पवित्र शास्त्राच्या इब्री भाषेत लेकरू सांभाळणाऱ्यास 'ओमेन' असा शब्द आहे. गणनेच्या अकराव्या अध्यायात मोशे लोकांच्या कुरकुरीने त्रासून देवाकडे गाऱ्हाणे करतो, तेव्हा तान्ह्या मुलास उराशी धरणाऱ्या पालकाची उपमा तो देतो. तेथे हाच शब्द आहे. आपण प्रार्थनेच्या शेवटी जो 'आमेन' म्हणतो, तो याच धातूपासून निघालेला आहे. त्या धातूचा अर्थ स्थिर असणे, भरवशाचे असणे असा आहे. म्हणजे जी गोष्ट मराठीने 'पाळणे' या शब्दात बांधली, तीच इब्री भाषेने आपल्या रीतीने बांधली: जो भरवशाचा तोच पालक.

या शब्दाची दोन उदाहरणे विशेष पाहण्यासारखी आहेत. पहिले मर्दखयाचे. एस्तेर ही त्याच्या चुलत्याची मुलगी. तिचे आईबाप मरण पावल्यावर त्याने तिला आपली कन्या मानून वाढवले. पुढे ती राजवाड्यात नेली गेली. आता राजाच्या घरी तिला कशाची वाण होती? तरीही तिचे कसे चालले आहे हे जाणण्यासाठी मर्दखय दररोज अंतःपुराच्या अंगणासमोर येरझारा घालीत असे, असे दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. पोसण्याचे काम राजाने घेतले होते. पाळण्याचे काम मर्दखयाने सोडले नव्हते.

दुसरे उदाहरण नामीचे. रूथ व बवाज यांस ओबेद नावाचा पुत्र झाला, तेव्हा नामीने त्यास उराशी धरले व ती त्याची दाई झाली. रक्ताने पाहिले तर नामी त्या बाळाची कोणीच नव्हती; ती रूथच्या मृत पतीची आई होती. तरी शेजारणी म्हणू लागल्या की नामीलाच पुत्र झाला आहे. गावच्या बायकांनी पालक कोण हे प्रवेशपत्र पाहून ठरवले नाही. बाळ कोणाच्या मांडीवर आहे ते पाहून ठरवले.

नव्या करारातील 'पाळक' हा शब्द ग्रीक भाषेतील 'पोइमेन', म्हणजे मेंढपाळ, या शब्दाबद्दल आला आहे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो मंडळीच्या सेवकांविषयी वापरला आहे. लॅटिन भाषेतील 'पास्तोर' हाही मेंढपाळच. तो चारणे या अर्थाच्या क्रियापदापासून झाला. योहानाच्या शेवटल्या अध्यायात पेत्राला मेंढरांविषयी तीन वेळा आज्ञा होते, आणि मूळ भाषेत तेथे दोन निरनिराळी क्रियापदे आहेत: एक चारणे, दुसरे राखणे. पेत्राला पोशिंदाही व्हावयाचे होते आणि पालकही. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

३. आपल्या इतिहासातील साक्ष

ही गोष्ट केवळ शास्त्रातच आहे असे नव्हे. ज्यांचे नाव आज बजाजनगराजवळच्या शहरास आहे, ते छत्रपती संभाजी महाराज १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर जन्मले. त्यांच्या मातोश्री सईबाई यांची प्रकृती बरी नसल्यामुळे किल्ल्याखालील कापूरहोळ गावची धाराऊ गाडे ही बाळास दूध पाजण्यासाठी आणली गेली. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई वारल्या, तेव्हा बाळ दोन वर्षांचे होते. पुढे आजी जिजाबाई यांनी त्यांस वाढवले. वडील स्वराज्याच्या कामात गुंतलेले, आई देवाघरी गेलेली, आणि लेकरू एका दूधआईच्या व आजीच्या हाती: हे चित्र आजच्या पुष्कळ घरांस परके वाटणार नाही. धाराऊचे नाव राजवंशाच्या वंशावळीत येत नाही. परंतु महाराष्ट्र तिला विसरलेला नाही.

आणखी एक उदाहरण पुण्याचे. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला, व त्याचे नाव यशवंत ठेवले. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्या दवाखान्यात आजाऱ्यांची सेवा करीत होत्या, आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्या मरण पावल्या. ज्यास त्यांनी पाळले, त्याच्या हाताखाली त्यांनी शेवटली सेवा केली.

'माय मरो, पण मावशी जगो' ही म्हण ऐकावयास कठोर आहे. परंतु तिच्यात आईचा अपमान नाही. लेकराची माया जन्माच्या नात्यापुरती बांधलेली नसते, एवढेच ती सांगते.

४. कायद्यातील पालक

आमच्या शेतकरी वाचकांनी सात-बाराच्या उताऱ्यावर 'अ.पा.क.' अशी अक्षरे पाहिली असतील. त्यांचा अर्थ 'अज्ञान पालनकर्ता' असा आहे. अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालील वारस. जमीन त्या लेकराची. पालनकर्त्याचे नाव केवळ त्याच्या वतीने व्यवहार पाहण्यासाठी लावलेले. तो मालक नव्हे. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो की, न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून पालकाने अज्ञानाची स्थावर मिळकत विकू अगर गहाण ठेवू नये. न्यायालयाने नेमलेल्या पालकावर १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानेही असेच बंधन घातले आहे. आणि तो जुना कायदा सर्व धर्मांच्या लोकांस लागू आहे. भावाच्या मृत्यूनंतर पुतण्याच्या वाट्याची शेती 'माझ्याच नावावर आहे' असे समजणाऱ्या चुलत्यांनी ही तीन अक्षरे पुन्हा वाचावी.

पालक कोण, याविषयी कायद्याची समजही हळूहळू वाढत गेली आहे. १९५६ च्या कायद्यात प्रथम बाप व 'त्याच्यानंतर' आई, असे शब्द होते. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन यांच्या खटल्यात निर्णय दिला की, 'त्याच्यानंतर' म्हणजे केवळ त्याच्या मृत्यूनंतर नव्हे. बाप हयात असूनही तो मुलाची काळजी वाहत नसेल, तर आई पालक होऊ शकते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव व त्यानंतर वडिलांचे नाव लिहावयाचे ठरले, तेही याच वाटेवरचे पाऊल आहे.

परंतु आजीआजोबांसाठी सर्वांत उपयोगाचा कायदा २००९ चा, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा आहे. त्यात पालकाची व्याख्या करताना मुलाची देखभाल व ताबा ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती, असे म्हटले आहे. न्यायालयाने नेमलेला पालक त्यात येतोच. पण प्रत्यक्ष सांभाळणारी आजीही त्यात येते. याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद आईबाप किंवा पालक असावे, आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या असे ठरवले आहे. तेव्हा नातवंडास सांभाळणाऱ्या आजीस शाळेने 'पालकांस पाठवा' असे सांगितले, तर तिने माघारी फिरण्याचे कारण नाही. "मीच पालक आहे," असे तिने नम्रतेने सांगावे.

५. बजाजनगर व गाव यांमधील लेकरू

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. बजाजनगरात कष्ट करणाऱ्या आईबापांस आम्ही दोष देत नाही. त्यांच्या पगाराने लेकराच्या ताटात भाकरी येते, वह्यापुस्तके येतात. ते पोशिंदे आहेत, आणि त्यांचा मान राखला पाहिजे. पाळी सोडून घरी बसा, असे त्यांस सांगणे सोपे व निरर्थक आहे. 'पाळी' व 'पाळणे' या शब्दांचे मूळ काही असो, त्या वसाहतीत दोहोंची रोज गाठ पडते, आणि कारखान्याच्या पाळीप्रमाणेच घरातील पाळणेही कोणीतरी ठरवून वाटून घ्यावे लागते. कारखान्यात एका पाळीचा माणूस दुसऱ्या पाळीच्या माणसाच्या हाती काम सोपवल्यावाचून यंत्र सोडीत नाही. लेकराच्या बाबतीत तेवढी तरी काळजी घ्यावी.

ती काळजी कशी घ्यावी, हे थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, पालक कोण हे बोलून ठरवावे. गावी ठेवलेल्या लेकराची रोजची जबाबदारी आजीची की काकूची, हे मनात धरून चालू नये. चौघांसमोर ठरवावे, आणि शाळेत त्या व्यक्तीचे नाव व फोन नंबर नोंदवावा.

दुसरी गोष्ट, कागद लेकराबरोबर असावे. जन्माचा दाखला, आधार कार्ड, लसीकरणाच्या नोंदीचे कार्ड यांच्या प्रती सांभाळणाऱ्याच्या हाती द्याव्या. लहान लेकरू बजाजनगरास राहावयास आले, तर तेथील अंगणवाडीत त्याचे नाव घालावे. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली ती अशाच लेकरांच्या पोषणासाठी व आरोग्यासाठी.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, ती म्हणजे शब्द पाळणे. "रविवारी फोन करीन," "पोळ्याला येईन," असे लेकरास सांगितले असेल, तर ते पाळावे. जमणार नसेल तर तसे सांगू नये. मोठ्या माणसास फोन आला नाही तर तो कामाचे निमित्त समजून घेतो. लेकरू समजून घेत नाही. ते उंबऱ्यावर बसून राहते. दोनतीनदा असे झाले म्हणजे ते विचारणे सोडते, आणि घरची माणसे म्हणतात, 'आता शहाणे झाले, रडत नाही.' ते शहाणपण नव्हे. त्याचा भरवसा गेलेला असतो. पैसे पाठवण्यास एक महिना उशीर झाला तर पुढे भरून काढता येतो. हा भरवसा भरून काढण्यास फार दिवस लागतात.

चौथी गोष्ट, सांभाळणाऱ्यालाही कोणीतरी सांभाळावे. साठी उलटलेल्या आजीवर दोन नातवंडे सोपवली, तर तिच्या गुडघ्यांची, चष्म्याची व औषधाची चौकशी कोण करतो? 'तिला काय, घरीच तर असते,' असे म्हणणारांनी एक दिवस तिचे काम करून पाहावे.

पाळकसाहेबांस व मंडळीच्या पंचांस आमची विनंती अशी की, आपल्या गावात आईबापांवाचून राहणारी लेकरे किती व ती कोणाजवळ आहेत, हे त्यांनी घरोघर जाऊन पाहावे. मर्दखयाप्रमाणे त्या अंगणासमोरून नेमाने फिरावे. ज्या लेकरास खरोखरच कोणी नाही, किंवा ज्यास छळ सोसावा लागत आहे, त्याच्यासाठी १०९८ हा फोन नंबर देशभर मोफत चालतो. तो प्रत्येक घरी लिहून ठेवावा.

पालक म्हणजे लेकराचा मालक नव्हे, केवळ पोशिंदाही नव्हे. लेकरू हे ज्याच्या हवाली केलेले वचन आहे, आणि जो ते दररोज पाळतो, तो पालक. हे काम आई करील, बाप करील, आजी करील, शेजारीणही करील. पण कोणीतरी केलेच पाहिजे.

घरी व मंडळीत विचार करण्यासाठी प्रश्न

१. पोसणे व पाळणे यांतील भेद आपल्या घरातील एका उदाहरणाने सांगा.

२. मर्दखय राजवाड्यासमोर रोज का जात असे? आपल्या ओळखीचे असे कोण आहे?

३. सात-बारावरील 'अ.पा.क.' या अक्षरांवरून पालकाच्या अधिकाराची मर्यादा कोणती दिसते?

४. आपल्यास लहानपणी कोणी पाळले? त्या व्यक्तीचे नाव कोठे लिहिलेले आहे काय? नसेल, तर आज रात्रीच्या प्रार्थनेत ते घ्या. आणि ती व्यक्ती हयात असेल, तर या आठवड्यात तिची भेट घ्या.